अनुभव : किमान आठ वर्षं

सोमवार, ३ फेब्रुवारी

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि 'बसा' म्हणाले नाहीत, तेव्हाच ओळखलं की प्रकरण साधं नाही. आमची कंपनी चाळीस रुग्णालयांच्या तपासण्यांचे अहवाल सांभाळते. रक्त, लघवी, छातीचे फोटो, सगळं आमच्या संगणकांत. त्यातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयाने कळवलंय की एकतीस मार्चपर्यंत संगणक सुरक्षेसाठी एक जबाबदार माणूस नेमा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. ते गेलं तर अर्धी कंपनी गेलीच म्हणायची.

"माणूस शोधा," मालक म्हणाले. "नाही मिळाला तर एक एप्रिलला मी दोन जागांची जाहिरात देईन. दुसरी तुमच्या खुर्चीची."

तेवीस वर्षं मी माणसं नेमण्याचंच काम करतोय. ड्रायव्हर नेमले, हिशेबनीस नेमले, एकदा तर मालकांच्या मेव्हण्याला नकारही दिला. पण संगणकाची राखण करणारा माणूस दिसतो कसा आणि दिवसभर करतो काय, याची मला सुतराम कल्पना नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. म्हणून ही वही काढली. ऑफिसात लिहिलेलं कुणी ना कुणी वाचतंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

जाहिरात तयार. चार बड्या कंपन्यांच्या जाहिराती समोर ठेवल्या आणि प्रत्येकीतलं चांगलं ते उचललं. पदवी अनिवार्य. सहा प्रमाणपत्रं. शिवाय आमच्याकडे गेल्या वर्षी जी पहाऱ्याची प्रणाली बसवली, तिच्यावर काम केल्याचा पाच वर्षांचा अनुभव. कुणी अनोळखी आत शिरायला लागला की ती प्रणाली बोंब मारते, असं म्हणतात. अजून मारलेली नाही. मालकांनी पाचाचे आठ केले. म्हणाले, "आठ म्हटलं की वजन येतं." आलंच.

जाहिरात नोंदबाईंकडे दिली. नोंदबाई म्हणजे आमचा आवक-जावक विभाग. विभागात एक टेबल, दोन रजिस्टरं आणि त्या. कंपनीत येणाऱ्या प्रत्येक पत्राची, ईमेलचीसुद्धा, त्या नोंद करतात. बाहेर जाणारं काहीही त्यांच्या जावक क्रमांकाशिवाय जात नाही. संगणकाच्या जमान्यात ही पद्धत बंद करावी असं मी दोनदा लेखी सुचवलं. दोन्ही सूचनांना त्यांनी आवक क्रमांक दिला आणि फाईलला लावून टाकल्या.

त्यांनी जाहिरात उभ्या उभ्या दोनदा वाचली.

"साहेब, पदवी लागतेच का हो?"

"लागतेच."

"आणि पदवी नाही, पण काम येतंय, असं असलं तर?"

"अहो बाई, काम येतं हे कळणार कशावरून? पदवीवरूनच ना?"

"बरं," म्हणाल्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतली. कुणी भाचा-पुतण्या असावा. या वयात बायकांना सगळ्या खानदानाची काळजी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

एकसष्ट अर्ज! जाहिरात लागली त्याच सकाळी, मी जागेवर बसायच्या आत, पहिला आला होता. लोक टपून बसलेत म्हणायचे.

मी अर्ज वाचत बसत नाही. अटी संगणकाला सांगितल्या की तो चाळण लावून देतो. नावं मुद्दाम झाकून ठेवतो, नुसते अर्ज क्रमांक बघतो. पक्षपात नको, हे माझं तत्त्व. चाळणीत चार उरले, सत्तावन्न गळाले. गळालेल्यांची यादी नोंदबाईंना दिली. प्रत्येकाला आमचं ठरलेलं पत्र जातं, 'आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' वालं. सत्तावन्न जावक क्रमांक घालण्यात त्यांची दुपार गेली. आज फार गप्प होत्या. डोकं दुखतंय का विचारलं, तर म्हणाल्या, "नाही साहेब, काम आहे."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पहिली मुलाखत. तिशीची मुलगी, बोलणं तडक. माझा सगळ्यांत मोठा प्रश्न विचारून टाकला, "तुम्ही लोक दिवसभर नेमकं करता काय?"

ती हसली. "काहीच घडत नाहीये, ते बघत बसतो. आणि त्यात जे रोजच्यासारखं नाही, ते हुडकतो."

"एवढंच?"

"एवढंच. पण त्यासाठी आधी रोजचं काय ते पाठ पाहिजे. साधनं मी महिन्यात शिकेन, सर. तुमच्या कंपनीचं रोजचं शिकायला मला दोन वर्षं लागतील. ते जुन्या माणसांनाच ठाऊक असतं."

मला हे इतकं आवडलं की घरी आल्यावर करून बघितलं. तासभर खिडकीत बसून रस्त्यावर रोजच्यासारखं काय नाही ते शोधलं. समोरच्या घराचा पडदा आज निळा होता. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तो तीन वर्षं निळाच आहे. आणि घरातला बल्ब गेलाय चार दिवस, तो हुडका."

बुधवार, १९ फेब्रुवारी

तडक बोलणारी मुलगी गेली. तिच्या हातात तीन नोकऱ्या होत्या, आमचं पत्र पोचेपर्यंत तिने एक धरली. उरलेल्यांतला एक महिन्यातून दोनच दिवस येणार म्हणतो. दुसऱ्याकडे प्रमाणपत्रं सहाच्या सहा, पण 'एखादा शिरलाच आत तर पहिल्यांदा काय कराल?' यावर तो घटकाभर छताकडे बघत राहिला. तिसऱ्याने फोनच उचलला नाही.

वर नकार मिळालेल्या एकाचा फोन. आवाजावरून चष्मेवाला वाटला. "साहेब, तुम्ही आठ वर्षांचा अनुभव मागितलाय. ती प्रणाली बाजारात येऊन तीन वर्षं झालीत. आठ वर्षांचा अनुभव तिच्या जन्मदात्यालासुद्धा नसेल!"

मी म्हटलं, "अट ती अट." लहान तोंडी मोठा घास. अशी माणसं पुढे जड जातात.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत आलंय की या क्षेत्रात माणसंच मिळत नाहीत, जागा ओस पडल्यात. शेजाऱ्याचा मुलगा हेच शिकून दोन वर्षं घरी बसलाय. तो म्हणतो, नोकरीच मिळत नाही. दोघंही खरं बोलत असतील तर मध्ये अडतंय कुठे? फार गमतीचं कोडं आहे. जेवताना त्याचाच विचार करत होतो, भाजीत मीठ नव्हतं तेही बायकोने सांगितल्यावर कळलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

नवा अर्ज नाही. नोंदबाईंनी उद्याची रजा मागितली. 'कारण' या रकान्यात 'परीक्षा' लिहिलंय. मुलाची असणार, बारावीला आहे. हल्ली जेवणाच्या सुट्टीत त्या तारमास्तरांजवळ बसतात. तारमास्तर म्हणजे आमच्या संगणकांच्या तारा-जोडण्या बघणारे गृहस्थ, निवृत्तीला आलेले. दोघं एका स्क्रीनवर डोकी घालून बसलेले असतात. शब्दकोडी सोडवत असावेत.

बुधवार, ५ मार्च

देव पावला!

अर्ज आला, आणि काय अर्ज! पदवी आहे. प्रमाणपत्रं सहा. आणि त्या प्रणालीचा अनुभव बरोब्बर आठ वर्षं. जणू माझी जाहिरात पुढ्यात ठेवूनच याला घडवलाय. बायोडेटा उघडताना संगणकाने 'परवानगी द्यावी का?' विचारलं. मी दिली. परक्या माणसांनी पाठवलेल्या फायली उघडणं हाच तर माझा धंदा.

नोंदबाई आवक क्रमांक टाकायला आल्या होत्या. वाकून वाचत म्हणाल्या, "आठ वर्षं? ती प्रणाली तर..."

"बाई, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"नाही, म्हटलं पाठवणाऱ्याला एक फोन करून बघावा. नव्या पत्त्यावरून काही आलं की मी करते तसा."

"मुळीच नको. मोठी माणसं असल्या चौकशीने बिथरतात."

सोमवार, १० मार्च

आज संताप आवरत नाहीये.

सकाळी अकरा वाजता, मी त्या आठ वर्षांवाल्याला मुलाखतीची वेळ कळवत होतो, तेवढ्यात नोंदबाई धावत आल्या आणि एक शब्द न बोलता माझ्या संगणकाची तार भिंतीतून उपटली. हो, उपटली! अर्धं लिहिलेलं पत्र जागच्या जागी अडकलं. विचारलं तर म्हणतात, "साहेब, नंतर सांगते. कशालाही हात लावू नका." आणि माझ्याकडे पाठ करून आपल्या टेबलावर जाऊन फोन लावत बसल्या. एकामागून एक, दीड तास. तारमास्तर बाहेरगावी, मालक बाहेर. मी हाताने मेमो लिहिला : 'कार्यालयीन यंत्रणेशी विनापरवानगी छेडछाड केल्याबद्दल खुलासा द्यावा.' त्यांनी कानाला फोन लावलेला असतानाच तो घेतला, आवक क्रमांक टाकला आणि पुढचा नंबर फिरवला.

एकोणीस वर्षांत या बाईने कधी आवाज चढवला नव्हता. माणूस कधी बदलेल सांगता येत नाही.

मंगळवार, ११ मार्च

कालचं पान फाडून टाकावंसं वाटतंय. पण राहू दे.

झालं ते असं. काल सकाळी एका रुग्णालयातून नोंदबाईंना फोन आला : तुमच्या साहेबांचं पत्र आलंय, नवा सुरक्षा अधिकारी नेमताय म्हणून सगळ्यांनी आपला पासवर्ड पुन्हा भरा म्हणे, तो इथेच भरायचा का? नोंदबाईंनी विचारलं, पत्राचा जावक क्रमांक काय? क्रमांक नव्हता. रजिस्टरात बघितलं, तिथेही नोंद नव्हती. एवढ्यावरून त्या उठल्या.

"आपल्याकडून जे जातं त्याला नंबर असतो, साहेब," आज त्यांनी शांतपणे सांगितलं. "ह्याला नव्हता. म्हणजे ते आपण पाठवलेलंच नव्हतं. पण निघालं होतं तुमच्या नावाने, तुमच्या पत्त्यावरून. म्हणून आधी तुमची तार काढली आणि मग सगळ्यांना फोन केले."

चाळीसच्या चाळीस रुग्णालयांना ते पत्र गेलं होतं. दोघांनी पासवर्ड भरला होता. बाईंनी दोघांनाही फोनवर धरून ठेवून तिथल्या तिथे तो बदलून घेतला. अडतीस वाचले. आणि मी? मी चोर सोडून संन्याशाला मेमो दिला.

चोर आत आला माझ्या दारातून. तो आठ वर्षांवाला म्हणजे माणूसच नव्हता, त्या बायोडेटाच्या पोटात बसून आलेली भानगड होती; मी परवानगी दिली आणि तिने माझा ईमेल ताब्यात घेतला. सुरक्षा अधिकारी शोधता शोधता मीच दरवाजा उघडून 'या, बसा' म्हटलं. मेमो परत मागितला. नोंदबाई म्हणाल्या, "आवक झालाय साहेब, आता काढता येत नाही. पण उत्तर दिलं नाही तरी चालेल ना?"

चालेल म्हणालो.

शुक्रवार, १४ मार्च

मालकांनी बाहेरून एक तज्ज्ञ बाई बोलावल्या. आखूड केस, स्वतःचा चहा थर्मासमध्ये. त्यांची कंपनी असली प्रकरणं निस्तरते.

"तार कुणी काढली?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"आवक-जावकच्या बाईंनी. त्यांना लेखी विचारणा झालेली आहे," सवयीने निघून गेलं तोंडातून.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग नोंदबाईंच्या टेबलाशी खुर्ची ओढून दोन तास बसल्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दोनदा तिकडून गेलो. पहिल्यांदा रजिस्टर उलटंपालटं करत होत्या, दुसऱ्यांदा दोघी खळखळून हसत होत्या. थर्मासमधला चहा नोंदबाईंनाही मिळाला. इतक्यात कसली एवढी गट्टी जमली, कोण जाणे.

बुधवार, १९ मार्च

तज्ज्ञ बाईंनी सांगितलं, आणखी कुठल्या अर्जात काही दडलंय का ते बघायला हवं. त्यांच्या वेगळ्या संगणकावर एकूण एक अर्ज एकेक करून उघडा. सकाळपासून तेच करत बसलो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी अर्ज वाचले.

अर्ज क्रमांक एक. वरच्या कोपऱ्यात फोटो. नोंदबाई.

आधी वाटलं चुकून आलाय. मग वाचला. शिक्षण : बारावी. संगणक सुरक्षेची दोन प्रमाणपत्रं, तिसऱ्याची परीक्षा एक मार्चला. अनुभव : 'एकोणीस वर्षं, या कंपनीत येणाऱ्या आणि इथून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद.' आणि माझ्या त्या अटीपुढे लिहिलं होतं : 'ही प्रणाली येऊन तीनच वर्षं झाली आहेत. मी तिच्यावर एक वर्ष शिकते आहे, जेवणाच्या सुट्टीत, तारमास्तरांच्या हाताखाली. खोटं लिहिता आलं असतं, पण ही नोकरी खोटं पकडण्याची आहे.'

मी तो अर्ज तीनदा वाचला. मी म्हणत होतो शब्दकोडी. मी म्हणत होतो मुलाची परीक्षा, भाचा, पुतण्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो, आणि वळसा घालायला मी जाहिरात दिली होती. उठून दोनदा तोंड धुतलं.

मालकांकडे तसाच गेलो. सगळं सांगितलं. ते पेन वाजवत म्हणाले, "मग द्या की तिला. पदवी-बिदवी राहू दे. आत्ता पत्र काढा."

गुरुवार, २० मार्च

नेमणुकीचं पत्र घेऊन सकाळी त्यांच्या टेबलाशी गेलो. एकोणीस वर्षांत त्यांच्या टेबलाशी मी कधी बसलो नव्हतो. बसलो. पत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि ड्रॉवरमधून एक लिफाफा काढून माझ्यापुढे ठेवला. राजीनामा.

"कालच लिहिलाय, साहेब. त्या बाईंनी बोलावलंय. एक तारखेपासून."

लिफाफा मी परत त्यांच्याकडे सरकवला. "मला आधी सांगायचंत तरी! अर्ज केलाय म्हणून एक शब्द..."

"सांगितलं असतं तर तुम्ही दिलीही असतीत, उपकार म्हणून. मला अर्जावर हवी होती."

"आणि ते नकाराचं पत्र?"

"मीच नोंदवलं की. यादीत पहिलंच होतं, शोधावं लागलं नाही."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, कुरकुर नाही, टोमणा नाही. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. त्या दुपारी मी डोकं दुखतंय का म्हणून विचारलं होतं.

"थांबा ना," मी म्हटलं. जवळजवळ विनवणीच केली. "पगार तिकडच्याएवढा करून घेतो. टेबल वर नेऊ, खिडकीशी."

"पगाराचं नाही हो. तिकडे त्यांनी एवढंच विचारलं, तार का काढलीस? मी सांगितलं. म्हणाल्या, एक तारखेला ये. साहेब, मला पहिल्यांदा कुणी कामातलं काही विचारलं." लिफाफा पुन्हा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "तुम्ही वाईट नाही. तुम्ही फक्त वाचत नाही."

सही केली. पेन दोनदा चाललं नाही, तिसऱ्यांदा चाललं.

सोमवार, ३१ मार्च

मोठ्या रुग्णालयाच्या लोकांपुढे आज मालकांबरोबर बसलो. त्यांनी विचारलं, "नेमला का माणूस?"

मालक माझ्याकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हटलं. "माणूस होता, माझ्याच मजल्यावर, एकोणीस वर्षं. त्या दिवशी तुम्हाला फोन त्यांनीच केला होता. त्यांनी अर्जही केला होता. मी न वाचता नाकारला."

पलीकडे एकाने वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग त्यांच्यातल्या वयस्क डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या सकाळी आम्हाला कळायच्या आधी तुमचा फोन आला, म्हणून अजून तुमच्याशी बोलतोय. एक महिना देते. पण या वेळी नीट बघा."

परतताना गाडीत मालक म्हणाले, "खुर्ची महिनाभर तुमचीच. पुढचं पुढे." वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

संध्याकाळी घरी नवी जाहिरात लिहिली. कुठल्याही कंपनीची समोर न ठेवता, चारच ओळी. पदवीची अट नाही. वर्षांची अट नाही. 'रोजच्यापेक्षा वेगळं काही कधी पकडलं असेल तर ते कसं पकडलं, एवढंच सविस्तर लिहून पाठवा. प्रत्येक अर्ज मी स्वतः वाचेन.' त्या चष्मेवाल्याचा नंबरही हुडकून काढला. उद्या फोन करून आधी माफी मागेन, मग विचारीन.

बायकोला वाचून दाखवली. तिने हातातलं काम बाजूला ठेवून ऐकली.

"चांगली झालीय," ती म्हणाली. "हीच आधी दिली असतीत तर?"

"तर जागा त्याच सकाळी भरली असती," मी म्हटलं, "मी जागेवर बसायच्या आत."